नेदरलँड्समधील नद्यांच्या प्रदेशात एखाद्या ऐतिहासिक प्रवासाच्या वाटेने सायकलवरून जाता येईल का?

आपल्याकडे दोन दिवस आहेत आणि रोज पन्नास-साठ किलोमीटर सायकल चालवण्याची, वेळ पडल्यास थोडी अधिकही, तयारी आहे, असे आपण लिहिले आहे. त्या हिशेबाने मी एकच वाट सुचवेन: कायदेपंडित ह्यूगो द ग्रोट, म्हणजेच ग्रोशियस, 22 मार्च 1621 रोजी लूव्हेस्टाइनच्या किल्ल्यातून ज्या वाटेने निसटला, ती. गोव्यात ठाण मांडून पूर्वेकडच्या समुद्रावर मक्तेदारी सांगणाऱ्या पोर्तुगीजांविरुद्ध, समुद्र सर्वांना मोकळा आहे, असा युक्तिवाद 1609 मध्ये मांडणारा हाच तो ग्रोशियस. पुढे धर्म आणि राजकारणाच्या वादात 1619 मध्ये त्याला जन्मठेप झाली.

सकाळी खोरिंखम गावातून सायकलसह होडीने लूव्हेस्टाइनला जावे. वाल नदीच्या काठावरचा हा किल्ला आतून नीट पाहावा, कारण या प्रवासाचे खरे मर्म तिथे आहे. ग्रोशियसला अभ्यासासाठी पुस्तके पेटाऱ्यातून येत-जात असत, आणि कालांतराने पहारेकऱ्यांनी तो उघडून पाहणे सोडून दिले होते. पत्नी मारियाने हे हेरले, नवऱ्याला त्या पेटाऱ्यात झोपवले आणि स्वतः मागे थांबली. पेटाऱ्याबरोबर होडीत बसून गेली ती जेमतेम विशीतली मोलकरीण एल्सये. ग्रोशियसच्या विद्वत्तेचे कौतुक सगळे करतात, पण या दोन बायकांच्या धैर्यावाचून तो किल्ल्याबाहेर पडलाच नसता, असे माझे स्पष्ट मत आहे. परतीच्या होडीत मी सायकल कठड्याला टेकवून उभा होतो. एका मालवाहू जहाजाच्या लाटांनी आमची होडी चांगलीच हेलकावली, तेव्हा बंद लाकडात पाय दुमडून पडलेल्या माणसाला हे पाणी कसे जाणवले असेल, याची थोडी कल्पना आली.

खोरिंखममध्ये ओळखीच्या घरी त्याला गवंड्याचे कपडे चढवून हातात थापी आणि मोजपट्टी देण्यात आली, आणि त्या वेषात तो मेर्वेदे नदी ओलांडून दक्षिणेकडच्या ब्राबांट प्रांताच्या बाजूला उतरला. आपण खोरिंखमहून होडीनेच वौद्रिखेमला उतरावे आणि तटबंदीवरून एक फेरी मारून आल्मकेर्कमार्गे दक्षिणेला द्रोंगेलनकडे निघावे. वारा बहुधा नैऋत्येचा असल्यामुळे तो अंगावर येतो, आणि बांधावर आडोसा नसतो. म्हणून अंतर साधारण 25 ते 30 किलोमीटर असले तरी अर्धा दिवस हाताशी ठेवावा. चौकाचौकांतल्या क्रमांकांच्या पाट्या पाहत गेल्यास वाट चुकत नाही.

द्रोंगेलनला आडवी येणारी बेर्खसे मास ही रुंद नदी मात्र ग्रोशियसने कधी पाहिली नाही. पुरांपासून बचावासाठी मास आणि वाल या नद्या एकमेकींपासून वेगळ्या करण्यात आल्या, त्या कामात हा नवा प्रवाह खोदला गेला आणि 1904 मध्ये तो खुला झाला. किल्ल्याजवळ वालला मिळणारी जुनी मास त्याच वेळी बांध घालून तोडण्यात आली, त्यामुळे सकाळी आपण पाहिलेला संगमही त्याच्या काळचा उरलेला नाही. नव्या पाण्याने गावांची शेते दोन काठांवर विभागली गेली, म्हणून इथली नदी पार करणारी होडी फुकट ठेवण्याचे सरकारने तेव्हाच मान्य केले, आणि आजही सायकलस्वाराकडून तिथे पैसे घेत नाहीत. किल्ल्याकडच्या होडीचे वेळापत्रक मात्र ऋतूप्रमाणे बदलते, ते आधी पाहून ठेवावे.

पलीकडे वालवाइक. ग्रोशियसला तिथून आजच्या बेल्जियममधल्या अँटवर्पला नेणारी गाडी मिळाली. आपण तिथेच मुक्काम करावा. दुसऱ्या दिवशी अँटवर्प गाठायचे तर ऐंशीहून अधिक किलोमीटर होतात, तेव्हा उजाडताच निघावे.