एस्टा दोन वर्षं व्हॅलिड असेल तर 90 दिवसांनंतरही अमेरिकेत थांबता येतं का?

तुमचा प्रश्न असा की सासूबाई ब्रिटिश पासपोर्टवर मिसेसच्या बाळंतपणाला न्यू जर्सीत आल्यात, त्यांचे 90 दिवस पुढच्या आठवड्यात संपतायत, एस्टा (व्हिसाशिवाय अमेरिकेत यायची ऑनलाइन परवानगी) मात्र अजून दीड वर्ष चालू आहे, तर महिनाभर जास्त थांबल्या तर चालेल का, नाहीतर चार दिवस कॅनडात जाऊन आल्या तर?

दोन्हीला नाही. मी वकील नाही, पण घरात हे सगळं निस्तरलंय म्हणून सांगतो.

एस्टाची दोन वर्षं म्हणजे त्या काळात विमानात बसायची परवानगी, बस. थांबायचं किती ते आय-94 वर, म्हणजे प्रवेशाच्या सरकारी नोंदीवर असतं. तो आता कागदी मिळत नाही, सीबीपीच्या (अमेरिकेचं सीमा आणि कस्टम्स खातं) साइटवर पासपोर्ट नंबर टाकून बघायचा. माझी आत्या लंडनच्या हॅरोला राहते, ती 10 मेला आमच्याकडे एडिसनला आली आणि आल्या आल्या फ्रिजवरच्या कालनिर्णयवर 10 ऑगस्टला गोल केला, तीन महिने म्हणजे तीन महिने, आणि एक दिवस हाताशी ठेवून तिकीट 9 चं काढलेलं. मी सहज आय-94 उघडून बघितला तर 7 ऑगस्ट! येण्याचा दिवस धरतात, मे आणि जुलै 31 चे, मोजून बघा. तिकीट बदलायला 180 डॉलर गेले आणि आत्याने मला वर ऐकवलं की दोन दिवसांनी काय आभाळ कोसळणार होतं, जाताना तर कोणी शिक्कापण मारत नाही.

शिक्का मारत नाहीत हे खरंय, अमेरिकेतून निघताना आपल्याकडच्यासारखं इमिग्रेशनचं काउंटर नसतं, पण एअरलाइन प्रवाशांची यादी सरकारला पाठवते आणि हल्ली बऱ्याच गेटवर चेहऱ्याचा फोटोही घेतात. कॅनडाला गाडीने गेलात तरी तिकडे एंट्री झाल्याची नोंद इकडे येते. म्हणजे कळतंच. आणि व्हिसा वेव्हरमध्ये (एस्टावर व्हिसाशिवाय यायची योजना) एक दिवस जरी जास्त झाला तरी पुढे एस्टा बंद, मग पुढे यायचं तर लंडनच्या एम्बसीत इंटरव्ह्यू देऊन व्हिसा घ्यायचा. 180 दिवसांच्या वर बेकायदा राहून गेलं तर तीन वर्षं बंदी, वर्षभर किंवा जास्त राहून गेलं तर दहा वर्षं.

गोंधळ कुठे होतो माहितीये का, आपल्यापैकी बहुतेकांचे आईबाबा भारतातून बी-2 म्हणजे पर्यटक व्हिसावर येतात, त्यांना बहुधा सहा महिने मिळतात आणि गरज पडली तर तारीख संपायच्या आत आय-539 फॉर्म भरून एक्स्टेन्शन मागता येतं. सगळ्यांच्या डोक्यात तेच बसलंय. व्हिसा वेव्हरमध्ये ती सोयच नाही. शिवाय एस्टा भरताना एक टिक करतो ना आपण, कोणी वाचत नाही ती, त्यात लिहिलेलं असतं की परत पाठवायची वेळ आली तर (आश्रय मागणं सोडून) इमिग्रेशन जजपुढे भांडायचा हक्क मी सोडतोय. इंटरव्ह्यू वाचतो त्याच्या बदल्यात हे द्यावं लागतं, आणि मला विचाराल तर सौदा वाईट नाही, फक्त तो केलाय हे माहीत पाहिजे.

कॅनडाची आयडिया आत्याच्या मैत्रिणीनेही दिली होती. कॅनडा, मेक्सिको किंवा शेजारच्या बेटांवर फिरून आलं तर ते दिवस त्याच 90 मध्ये धरतात, नवे 90 मिळत नाहीत. नायगाराला पलीकडून बघायला खुशाल जा, पण तारीख तीच.

खरंच काही आकस्मिक झालं, म्हणजे सासूबाईच हॉस्पिटलात ॲडमिट झाल्या किंवा विमान रद्द झालं, तर सॅटिसफॅक्टरी डिपार्चर म्हणून जास्तीत जास्त 30 दिवस मिळू शकतात, 2020 मध्ये कोविडमुळे अडकलेल्यांना असेच दिले होते. पण ते तारीख उलटायच्या आत मागायचं, आणि मुलीचं बाळंतपण लांबलं हे कारण चालेल असं धरून बसू नका.

तर आज रात्रीच त्यांचा आय-94 बघा आणि त्याच्या दोनतीन दिवस आधीचं तिकीट काढा. लंडनला जाऊन पुन्हा येता येतं, मध्ये किती दिवस जायला हवेत असा आकडा नियमात नाही, पण आठवड्याभरात परत आल्या तर ऑफिसर विचारणार की बाई, तुम्ही राहता नक्की कुठे, तेव्हा परतीचं तिकीट आणि तिकडच्या घराचे कागद जवळ असू द्या. तरी आत सोडायचं की नाही ते त्याच्या हातात असतं. आणि दुसऱ्या नातवंडाच्या वेळी आधीच लंडनहून बी-2 काढून ठेवा, ब्रिटिश पासपोर्ट असला तरी तो मागता येतो.