पूर्वनियोजनाच्या वादात उतरण्याआधी

कुणाचं तारण होणार हे देवाने आधीच ठरवलं आहे, ही ख्रिस्ती शिकवण म्हणजे पूर्वनियोजन. त्यावर वाद घालण्याआधी बायबलमधल्या पौलाच्या रोमकरांस पत्राचे ९ ते ११ हे तिन्ही अध्याय एका बैठकीत वाच. बहुतेक जण नवव्यातल्या कुंभार आणि मातीच्या (म्हणजे देव आणि माणसाच्या) दृष्टांतापाशी थांबतात आणि तिथूनच भांडायला लागतात. तिथे पौलाला छळणारा प्रश्न इस्राएलाचा, म्हणजे यहुदी लोकांचा आहे, हे अकराव्यापर्यंत गेल्यावरच ध्यानात येतं. अर्थात, एवढ्याने कॅल्विनवाद्यांचं, म्हणजे पूर्वनियोजन ठामपणे मानणाऱ्यांचं, तोंड बंद होईल असं समजू नकोस. देवाने आधीच निवडल्याचं सांगणारा इफिसकरांस पत्राचा पहिला अध्याय त्यांच्या हाताशी असतोच.

दुसरं, आर्मिनियसला (कॅल्विनवाद्यांच्या या मताला विरोध करणारा डच धर्मशास्त्रज्ञ) पेलागियसच्या (माणूस स्वतःच्या बळावर चांगला होऊ शकतो असं मानणारा) पंगतीत बसवू नकोस. ही चूक सर्रास होते, आणि मला तरी ती आळशीपणाची वाटते. देवाच्या कृपेशिवाय माणूस त्याच्याकडे वळूच शकत नाही, हे आर्मिनियसही मानतो. खरा प्रश्न पुढचा: ती कृपा माणसाला नाकारता येते का? त्याच्या अनुयायांनी १६१० साली मांडलेल्या पाच कलमांतलं चौथं नेमकं यावर आहे, आणि १६१८-१९ च्या डॉर्ट (नेदरलँड्स) इथल्या कॅल्विनवादी धर्मसभेने ती कलमं फेटाळली. ती कलमं आणि धर्मसभेचे निर्णय, दोन्ही मुळातूनच वाच.

आणि ‘मी निवडलेला आहे का?’ म्हणून कुणी रात्र रात्र तळमळत असेल, तर त्याच्याशी वाद घालत बसू नकोस.