बांधकाम कामगारांच्या युनियनवर गुंड ताबा कसा मिळवतात? आपल्या कोल्हापुरात असं चालतं का?

तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात. न्यूयॉर्कमध्ये माफियानं बांधकाम मजुरांच्या युनियन खिशात घातल्या होत्या म्हणतात, ते जमलं कसं? कामगार गप्प का बसले? आणि तिसरी, खरी अडचणीची: तुमच्या भावाचं घर चालू आहे, चार जण येऊन 'युनियनची पावती फाडा, नाहीतर सळईची गाडी उतरू देणार नाही' असं सांगून गेलेत. द्यायचे का पैसे?

मी कोल्हापुरात बावीस वर्षं साइटवर आहे. आधी सुपरवायझर होतो, आता लहान कामं स्वतः घेतो. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, शाहू मार्केट यार्डात गुळाच्या अडतीवर हमाल होते. त्यामुळं हमालांची खरी टोळी आणि नुसती पावती फाडणारी टोळी, दोन्ही मी जवळून बघितल्यात.

आधी स्लॅबची सकाळ डोळ्यांसमोर आणा. सेंट्रिंगवाले टेकू ठोकून बघतायत, सळई बांधून तयार आहे, पंचवीस-तीस माणसं हजेरीवर आलीयत. रेडीमिक्सची गाडी प्लांटवर भरली की साधारण दोन तासांत माल ओतावा लागतो. स्लॅब निम्म्यात थांबला तर आधीचं काँक्रीट आवळून येतं, नवं त्याच्याशी एकजीव होत नाही, जॉइंट पडतो आणि पहिल्याच पावसाळ्यात तिथून गळती सुरू होते. अशा दिवशी एक तास काम अडवायची ताकद ज्याच्याकडे आहे, त्याला मालक मागेल ते देतो. कारखान्यात माल आठवडाभर पडून राहिला तरी चालतं. काँक्रीट थांबत नाही. गुंडांना सगळ्या धंद्यांत बांधकामच का आवडतं, त्याचं उत्तर या एका तासात आहे.

न्यूयॉर्कमध्ये 1980 च्या आसपास हेच शहरभर चाललं होतं. काँक्रीट मजुरांच्या युनियनच्या जिल्हा कौन्सिलचा अध्यक्ष राल्फ स्कोपो हा कोलंबो या माफिया घराण्याचा माणूस होता. मजूर कामावर जाणार की नाही हे त्याच्या हातात. वीस लाख डॉलरच्या वरची काँक्रीटची कामं ठरावीक ठेकेदारांनाच मिळायची, कुणाला कुठलं हे आधीच ठरलेलं असायचं आणि प्रत्येक कामामागं दोन टक्के घराण्यांकडं जायचे. या मंडळींच्या टोळक्याला 'काँक्रीट क्लब' म्हणत. त्याच्या बाहेरच्या ठेकेदारानं मोठं काम घेतलं तर त्याच्या साइटवर कामगारच येणार नाहीत. एफबीआयनं स्कोपोच्या गाडीत मायक्रोफोन बसवून हे व्यवहार ऐकले. नोव्हेंबर 1986 मध्ये माफियाच्या बड्या म्होरक्यांबरोबर तोही दोषी ठरला आणि जानेवारी 1987 मध्ये त्यांच्यातल्या बहुतेकांना, त्यालाही, शंभर-शंभर वर्षांची शिक्षा झाली.

यात एक गोष्ट लोकांच्या नजरेतून सुटते. मोठ्या ठेकेदारांना हा क्लब सोयीचा होता. दोन टक्के जायचे खरे, पण टेंडरला स्पर्धा उरत नव्हती, ते पैसे बिलात चढवता येत होते. वर युनियनचा म्होरक्या खिशात असला की जादा वेळेचे पैसे, सुरक्षेचे नियम, युनियनबाहेरचे स्वस्तातले मजूर, याबद्दल कुणी विचारत नाही. म्हणजे मजुराच्या नावानं मिळालेली ताकद मजुराचाच हक्क विकायला वापरली गेली. युनियन ताब्यात घेण्यातली कमाई ही अशी दुहेरी आहे. काम अडवायचं नाही म्हणून एकदा पैसे, आणि कामगाराला गप्प ठेवायचं म्हणून पुन्हा.

मग कामगार का बोलले नाहीत? तिकडं बऱ्याच धंद्यांत काम युनियनमार्फतच मिळायचं. पुढाऱ्याच्या विरोधात बोललात की तुमचं नाव यादीत खाली जातं आणि घरात चूल पेटत नाही. आणि जे तरीही बोलले त्यांचं काय झालं हे सगळ्यांनी बघितलं होतं. न्यू जर्सीत ट्रक ड्रायव्हरांच्या टीमस्टर्स युनियनची 560 नंबरची शाखा अँथनी प्रोव्हेन्झानो या गुंडाच्या मुठीत होती. त्याला आव्हान देणारा त्याच शाखेतला पदाधिकारी अँथनी कॅस्टेलिटो 1961 साली नाहीसा झाला. त्याच्या खुनाबद्दल प्रोव्हेन्झानोला शिक्षा व्हायला 1978 उजाडलं. सतरा वर्षं. तेवढ्या वर्षांत किती सभा झाल्या असतील आणि किती जणांनी खाली मान घालून हात वर केले असतील, याचा विचार केला की माझ्या पोटात कालवतं.

ती शाखा सुटली ती रिको या संघटित गुन्हेगारीविरुद्धच्या 1970 च्या अमेरिकी कायद्यामुळं. सरकारनं युनियनवर बंदी घातली नाही. कोर्टानं गुंडांना बाजूला काढून 1986 मध्ये शाखा विश्वस्तांच्या हाती दिली, हिशेब तपासले गेले आणि पुढं कामगारांना गुप्त मतदानानं स्वतःचे पुढारी निवडता आले. हा मुद्दा लक्षात ठेवा, आपल्याकडच्या चर्चेत तो हरवतो.

आता कोल्हापूर. न्यूयॉर्कसारखी स्थिती इथं नाही, आणि ते मी अंदाजानं सांगत नाही. आपल्याकडं बांधकामावर माणूस युनियनमार्फत येत नाही, मुकादमामार्फत येतो. गवंडी कागल-राधानगरीकडचा, सळई बांधणारे विजापूर-गुलबर्ग्याकडचे, फरशीवाले राजस्थानचे, प्रत्येकाचा मुकादम वेगळा. इतक्या तुकड्यांत विखुरलेला मजूर कुणा एकाच्या मुठीत येणं अवघड. म्हणून आपल्याकडचा गुंड मजुरांची युनियन ताब्यात घ्यायच्या वाटेला जात नाही, तो गाडी अडवतो. सळई, सिमेंट, फरशी घेऊन आलेली गाडी. आणि त्यासाठी तो नाव वापरतो माथाडीचं.

या नावाबद्दल मला राग येतो तो यासाठी. अण्णासाहेब पाटलांनी डोक्यावर ओझं वाहणाऱ्या माणसांना एकत्र केलं, आणि 1969 साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. ज्याला ठरावीक मालक नाही, ज्याची कुठं हजेरी नाही, अशा हमालाची आणि त्याला काम देणाऱ्याची माथाडी मंडळात नोंद. काम देणाऱ्यानं मजुरी मंडळात भरायची, वर लेव्ही म्हणजे ठरावीक जादा रक्कम भरायची, त्यातून हमालाला फंड, ग्रॅच्युइटी, बोनस. आबांनी तीस किलोचे गुळाचे रवे आयुष्यभर उचलले. माझ्या बहिणीचं लग्न त्या फंडातून झालं. हमालाच्या घरात फंड येणं म्हणजे काय, हे ज्यानं भोगलंय त्यालाच कळेल.

2014 साली उपनगरातल्या एका अपार्टमेंटच्या कामावर मी सुपरवायझर होतो. स्लॅबला दोन दिवस राहिलेले, सळईची गाडी गेटवर आली आणि मागोमाग दोन मोटारसायकलींवर चौघं. एकाच्या काखेत फाईल. म्हणाला, "साहेब, माल उतरायचा हक्क आमचा हाय. सहा हजार वाराई. पावती मिळंल." वाराई म्हणजे गाडीतला माल उतरवायची हमाली. मी म्हटलं, आमचे बिगारी आहेत, ते उतरतील. तो म्हणाला, "उतरू देत की. आमचं काय म्हणणं न्हाई. पावती तेवढी फाडा." घासाघीस होऊन चार हजारांवर मिटलं. सळई आमच्याच बिगाऱ्यांनी उतरवली. त्या चौघांनी एका सळईला हात लावला नाही. मी खर्चाच्या वहीत 'हमाली 4,000' असं लिहिलं.

पावतीवर अण्णासाहेबांचा फोटो छापलेला होता. संध्याकाळी आबांना दाखवली. त्यांनी चष्मा लावून उलटसुलट बघितली आणि विचारलं, "टोळी नंबर कुठाय? मंडळाचं नाव कुठाय?" मी गप्प. मग उठून ट्रंकेतून मंडळाचं त्यांचं जुनं कार्ड काढलं, कोपरे मऊ पडलेलं, आणि त्या पावतीशेजारी ठेवलं. बोलले काहीच नाहीत. जेवले नाहीत त्या रात्री.

पण खरा धडा दोन महिन्यांनी मिळाला. सळई बांधणाऱ्या पोरांचा तीन आठवड्यांचा पगार थकला होता. सकाळी ती गेटसमोर बसली. पैसे हातात पडल्याशिवाय वर चढणार नाही म्हणाली, आणि त्यात वावगं काहीच नव्हतं. मी मालकाला फोन केला. तासाभरात त्याच दोन मोटारसायकली आल्या. फाईल या वेळी नव्हती. पोरांना बाजूला घेऊन ते काय बोलले ते मला ऐकू आलं नाही, पण दुपारच्या आत सगळी वर होती, आणि पुढच्या रविवारी पाच जण गावाकडं गेले ते परत आलेच नाहीत. तेव्हा मला ते चार हजार कशाचे होते ते समजलं. न्यूयॉर्कमधलं ते दुहेरी गणित आमच्या गेटवर, लहान आकड्यात, जसंच्या तसं होतं.

अशा वसुलीचे गुन्हे पुणे, चाकण, नवी मुंबई भागात दाखल झालेत. बोगस माथाडींना आवर घालायचा म्हणून 2023 साली सरकारनं कायद्यात दुरुस्तीचं विधेयक आणलं, त्याला खऱ्या माथाडी संघटनांनी जोरात विरोध केला. त्यांची भीती मला पटते. खंडणीखोर पकडायच्या नावाखाली हमालाचं मंडळच कमजोर झालं तर पावती फाडणारा उद्या दुसरं नाव छापेल, आणि हमाल मात्र परत 1969 च्या आधीच्या जागी जाईल. खंडणीसाठी खंडणीचा कायदा आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम 308 आहे, संघटित गुन्हेगारीसाठी 111 आहे, टोळीच असेल तर 1999 चा मोक्का आहे. ते वापरा.

युनियनच्या नावावर पैसे उकळायची दुसरी जागा बांधकाम कामगारांच्या कल्याणकारी मंडळाची. 1996 च्या कायद्यानुसार बांधकाम खर्चाच्या एक टक्का उपकर जमा होतो आणि नोंदीत कामगाराला त्यातून मुलांची शिष्यवृत्ती, अपघातात मदत, भांड्यांचा संच वगैरे मिळतं. अट एकच मोठी: गेल्या वर्षात नव्वद दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला. तो ठेकेदारानं किंवा ग्रामसेवकानं द्यायचा. इथं एजंट शिरले. सरकारी फी नाममात्र, पण माझ्याकडं विटा-वाळू वाहणाऱ्या एका मावशींनी कुठल्याशा 'युनियनच्या माणसाला' पंधराशे रुपये दिले होते, दाखल्यासकट. दाखल्यावर सही होती ती त्यांनी कधी न पाहिलेल्या ठेकेदाराची. पंधरा वर्षं पाट्या वाहिलेल्या बाईला खोटा दाखला विकत घ्यावा लागला, कारण खरा द्यायला आमच्यातलं कुणी तयार नव्हतं. त्यात मीही आलो. हजेरीची वही मी तेव्हा आठवडा संपला की फाडून टाकायचो. आता टाकत नाही, आणि दाखला मागितला की त्याच दिवशी देतो.

खरी युनियन कशी असते हे कोल्हापूरला शिकवायला नको. बिंदू चौकात कामगारांच्या सभा आपण ऐकल्यात, कॉम्रेड गोविंद पानसरे मोलकरणी-फेरीवाल्यांसाठी उभे राहिलेले आपण पाहिलेत. सभा उघड्यावर, मागण्या कागदावर, वर्गणीचा हिशेब सभासदांसमोर. खरा पुढारी मालकाला भेटायला येतो तेव्हा त्याच्यामागं कामगार असतात. गेटवर येणाऱ्या चौघांच्या मागं एकही कामगार नसतो. मला तरी ओळखायची ही सगळ्यात सोपी खूण वाटते.

आता भावाच्या घराचं. पैसे देऊ नका. एकदा दिलेत की फरशीच्या गाडीला, रंगाच्या गाडीला ते परत येतील. भांडूही नका. शांतपणे विचारायचं: टोळी कुठल्या माथाडी मंडळात नोंदलेली आहे, टोळी नंबर काय, मुकादम कोण. नोंदीत टोळी असेल तर ती हे सांगेल, आणि तिनं माल उतरवला तर तिची मजुरी मंडळाच्या रीतीनं, बँकेतून, आनंदानं द्या. न केलेल्या कामाचे रोख पैसे मागायचा आणि गाडी अडवायचा हक्क कुठल्याच कायद्यानं कुणाला दिलेला नाही. त्यांनी आधी पावती दिली असेल तर फाडून टाकू नका, फोटो काढून ठेवा, गाडीचे नंबरही. पोलिस ठाण्यात लेखी अर्ज द्या, पोच घ्या आणि तीच प्रत सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात व माथाडी मंडळात द्या. हे स्लॅबच्या आधी आठ दिवस करा, स्लॅबच्या सकाळी नको, त्या सकाळी कुणाचाही धीर सुटतो, माझा सुटला होता. त्या दिवशी सळई-सिमेंट आधीच आत आलेलं असू दे, शेजारपाजारचे चार जण गेटवर बसवा आणि पोलिस मदतीचा 112 नंबर हाताशी ठेवा.

आणि भावाला सांगा, गवंडी-बिगाऱ्यांचा पगार त्या आठवड्यात थकवू नको. गेटवर कुणी आलंच, तर पहिल्यांदा खाली उतरून भावाच्या बाजूला उभी राहणार ती हीच माणसं.