साताऱ्यात राहून लाकडी जहाजांची मॉडेलं बनवता येतील का? सुरुवातीलाच ‘एचएमएस व्हिक्टरी’चं किट घेऊ का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: साताऱ्यात नोकरी, लाकूडकामाचा अनुभव नाही, जवळपास शिकवणारं कुणी नाही. व्हिडिओ बघून व्हिक्टरीचं मोठं किट मागवायचं मनात आहे आणि पुढेमागे कान्होजी आंग्र्यांच्या आरमारातली गुराब, म्हणजे त्या काळचं लढाऊ जहाज, स्वतःच्या हाताने करायची आहे. सामान कुठून आणायचं, कोणत्या क्रमाने जायचं आणि झालेलं मॉडेल टिकवायचं कसं, हे तुम्ही विचारलंय. मी सांगलीत राहून बरीच वर्षं हाच उद्योग करतोय, तेव्हा जमेल तेवढं सांगतो.

आधी व्हिक्टरीचं. घेऊ नका. निदान आत्ता तरी नको. १७६५ साली पाण्यात उतरलेलं, ट्रॅफल्गारच्या लढाईतलं हे जहाज पोर्ट्समथला आजही बघता येतं, आणि देखणं आहे यात वादच नाही. पण त्याच्यावर १०४ तोफा. मॉडेलमध्ये दिसणारी प्रत्येक तोफ म्हणजे गाडा, चाकं, दोऱ्या, कड्या, आणि हे सगळं एकसारखं दिसलं पाहिजे. १:७२ मापात, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्श्यात, पुढच्या तिरक्या काठीसकट मॉडेलची लांबी जवळपास १.४ मीटर होते. ते ठेवायला घरात जागा कुठे, हा प्रश्न घरचे विचारतीलच. खरी अडचण मात्र वेगळी आहे. अशा जहाजात अवघड कामं सगळी एकदम अंगावर येतात, आणि शिकायला लागणारी चूक करायची मुभा कुठेच नसते. नवख्यांनी घेतलेली अशी किटं बहुतेक अर्धवट सांगाड्याच्या अवस्थेत माळ्यावर जातात.

या छंदाचं मर्म शिडात नाही, तोफांत नाही, ते जहाजाच्या अंगावर फळ्या बसवण्यात आहे. ते एकदा हाताला समजलं की बाकीचं सगळं चिकाटीचं काम. ते नाही समजलं तर वर कितीही नक्षी करा, मॉडेल लांबूनच फसलेलं दिसतं. म्हणून मी म्हणेन, किटवर एक रुपया खर्च करण्याआधी अर्धं जहाज करा. अर्धं म्हणजे उभं मधोमध चिरलेलं, एका फळीवर चिकटवलेलं, भिंतीवर टांगता येईल असं. चार मिलिमीटर प्लायवूडमधून सात-आठ अर्धे आडवे छेद कापायचे, ज्यांना बल्कहेड म्हणतात, ते तीन-चार सेंटिमीटरवर फळीला काटकोनात चिकटवायचे आणि त्यावर पट्ट्या बसवायच्या. एकच बाजू असल्यामुळे कणा वाकण्याची भीती नाही. (पुढे पूर्ण जहाज कराल तेव्हा एक पट्टी डावीकडे, एक उजवीकडे अशीच बसवा. एक बाजू आधी उरकली तर सुकताना कणा तिकडे ओढला जातो आणि मग तो सरळ होत नाही.)

पट्ट्या लावण्याआधी बल्कहेडच्या कडा तासायच्या असतात. ही पायरी घाईत उरकली जाते आणि पुढचं सगळं तिथेच बिघडतं. एक लवचिक पट्टी सगळ्या बल्कहेडवरून धरून बघा. ती कडेच्या नुसत्या टोकावर टेकत असेल आणि मागे फट दिसत असेल, तर ती कड अजून तिरकी व्हायला हवी. नाळेकडे, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाकडे, कडा बऱ्याच घासाव्या लागतात, मध्यावर जवळजवळ नाहीच. पॉलिश पेपर बोटाने घासू नका, लवचिक पट्टीला चिकटवून दोन-तीन बल्कहेडवरून एकदम फिरवा.

आता खरा हिशोब. कागदाची बारीक पट्टी घ्या आणि मधल्या बल्कहेडची वरपासून खालपर्यंतची कड मोजा. समजा ९० मिलिमीटर भरली आणि तुमच्या पट्ट्या पाच मिलिमीटर रुंद आहेत, तर तिथे १८ पट्ट्या बसतील. मग तसंच नाळेजवळच्या बल्कहेडवर मोजा. तिथे ५४ भरली, तर त्याच १८ पट्ट्या तिथे प्रत्येकी तीन मिलिमीटरच्या व्हायला हव्यात. म्हणजे प्रत्येक पट्टी पुढच्या टोकाला पाचाची तीन करत निमुळती तासायची. नवखा माणूस पट्टी आहे तशी वाकवून चिकटवतो. पहिल्या चार-पाच बसतात, मग त्या एकमेकींवर चढायला लागतात आणि शेवटी पाचरीसारख्या फटी राहतात. एक नियम लक्षात ठेवा: पट्टी मूळ रुंदीच्या निम्म्यापेक्षा अरुंद करायची नाही. नाळेजवळ ३६ मिलिमीटरच भरत असतील तर पट्टी दोनची करू नका. तिथे एखादी पट्टी आधीच संपवून तिची जागा शेजारणीला द्या, खऱ्या गोद्यांतही असंच करत. मागच्या टोकाला पुष्कळदा उलटं होतं, जागा जास्त आणि पट्ट्या कमी. तिथे पाचर घालावी लागते.

वाकवण्याबद्दल एक गैरसमज सगळीकडे आहे. लोक पट्ट्या रात्रभर पाण्यात घालून ठेवतात. लाकूड मऊ होतं ते मुख्यतः उष्णतेने, पाणी ती उष्णता आतपर्यंत पोचवतं आणि लाकूड करपू देत नाही एवढंच. दीड मिलिमीटरची पट्टी गरम पाण्यात दहा-पंधरा मिनिटं ठेवून इस्त्रीच्या कडेवर किंवा केस सरळ करायच्या यंत्रात हळूहळू वाकवली की बास. मग आकारात बांधून पूर्ण वाळू द्या आणि त्यानंतर चिकटवा. ओली चिकटवलीत तर वाळल्यावर ती आकसते आणि प्रत्येक जोडात केसाएवढी रेघ उमटते. आपल्याकडे याचा आणखी एक भाग आहे. साताऱ्यातल्या जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत फुगलेल्या पट्ट्या बसवल्या की मार्च-एप्रिलमध्ये त्या आक्रसणारच. फळ्यांचं काम शक्यतो दिवाळीनंतर काढा. पावसाळ्यात दोऱ्या, काठ्या, छोटे भाग करत बसा.

गोंद साधा पांढरा फेव्हिकॉल. फेव्हिक्विक फक्त टोक पकडून ठेवायला, तेही आतल्या बाजूने, कारण ते लाकडात मुरलं की त्या जागेवर पॉलिश बसत नाही आणि डाग कायमचा राहतो.

सामानाचं म्हणाल तर आपला भाग तुम्हाला वाटतो तेवढा कोरडा नाही. हत्यारं सराफ बाजारात बघा. सोनारकामाच्या सामानाच्या दुकानात बारीक कानशी, टोकदार चिमटे, केसासारखं पातं लागणारी करवत, हातात धरून फिरवायचं बारीक गिरमिट हे सगळं मिळतं, आणि ‘हॉबी टूल’ म्हणून विकल्या जाणाऱ्या वस्तूंपेक्षा मला ते जास्त भरवशाचं वाटतं. तार ओढायची जंत्रीही तिथेच घ्या. तिच्या भोकांतून बांबूची काडी क्रमाक्रमाने ओढली की अर्ध्या मिलिमीटरपर्यंत बारीक खुंट्या होतात. जुन्या जहाजांत फळ्या अशाच लाकडी खुंट्यांनी ठोकलेल्या असायच्या. बांबूचे धागे लांब आणि सरळ असतात, म्हणून तो इतका बारीक होऊनही तुटत नाही.

लाकडासाठी कोयना एक्स्प्रेस पकडून मिरजेला या. तिथल्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण आपल्या कामाची गोष्ट म्हणजे तिथे वापरतात ते तुणाचं लाकूड. हलकं, सरळ, कापायला सोपं. कारागिरांकडे उरलेले काठाचे तुकडे मिळाले तर घ्या. मात्र सकाळी कामाच्या वेळी जाऊन त्यांचा खोळंबा करू नका आणि फुकट मागू नका. पट्ट्या दोन थरांत बसवतात, त्यात तूण आतल्या पहिल्या थराला उत्तम. वरच्या थराला त्याहून बारीक पोताचं लाकूड लागतं. आपल्याकडचा हेदू, ज्याला काही वखारींत हळदू म्हणतात, तो पिवळसर, अगदी एकसारख्या पोताचा आणि कडा धरणारा. युरोपातले जुने मॉडेलकार बॉक्सवूड वापरत, त्याला आपल्याकडे माझ्या मते हेदूच उत्तर. तो नाही मिळाला तर फर्निचरवाल्यांकडे स्टीम बीच मिळतं.

साग मात्र नको, हे ऐकून अनेकांना वाईट वाटतं. १८१७ साली वाडियांनी मुंबईच्या गोदीत बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ ही युद्धनौका सागाची होती आणि ती आज इंग्लंडमध्ये हार्टलपूलला पाण्यावर तरंगते आहे, तेव्हा मॉडेलही सागाचंच हवं असं वाटणं साहजिक आहे. पण सागाचं छिद्र पाव मिलिमीटरचं धरलं तरी १:४८ मापात ते बारा मिलिमीटरचं भोक दिसतं. जहाज लहान झालं तरी लाकडाचा पोत लहान होत नाही. या मापात पावणेसहा फुटी खलाशी साडेतीन सेंटिमीटरचा होतो. पुठ्ठ्यातून तसा एक माणूस कापून कामाच्या टेबलावर उभा ठेवा. कठडा त्याच्या डोक्यावर जातोय किंवा दारातून तो आत शिरत नाही, हे लगेच कळतं.

सुताराकडून पट्ट्या चिरून घेताना एक बघा. त्याच्या करवतीचं पातंच तीन मिलिमीटर खातं, म्हणजे दीड मिलिमीटरच्या पट्टीमागे दुप्पट लाकूड भुशात जातं. वरच्या थराला प्लायवूडच्या दुकानातलं अर्ध्या मिलिमीटरचं विनियर, म्हणजे लाकडाचा पातळ पापुद्रा, आणून स्टीलच्या पट्टीवर धारदार कटरने कापणं स्वस्त पडतं.

अर्धं जहाज जमलं की किटकडे वळा, आणि प्रत्येक मॉडेलमध्ये नवी अडचण एकच घ्या. मॉडेल शिपवेज या अमेरिकी कंपनीची नवशिक्यांसाठी तीन किटांची मालिका आहे: आधी सपाट बुडाची मासेमारी होडी, मग नॉर्वेजियन पद्धतीची छोटी शिडाची होडी, मग मेन किनाऱ्यावरची लॉब्स्टर पकडणारी नाव. पहिलं आणि तिसरं १:२४ मापात, मधलं १:१२ मापात, म्हणजे भाग हातात धरता येण्याएवढे मोठे. परदेशातून मागवताना कस्टम ड्यूटी आणि कुरिअर धरूनच बजेट करा. त्यानंतर एका डोलकाठीचं, गोल पोटाचं काहीतरी, त्यानंतर दोन डोलकाठ्यांचं. दोऱ्यांचं काम तिथे शिकाल. डोलकाठीला आधार देणाऱ्या स्थिर दोऱ्या डांबर लावलेल्या असत, म्हणून त्या गडद. शीड ओढायच्या दोऱ्या फिकट तागाच्या रंगाच्या. नवख्याचं मॉडेल ओळखायचं तर सगळ्या दोऱ्या एकाच रंगाच्या आणि एकाच जाडीच्या आहेत का, तेवढं बघावं. शिवणाचा दोरा वापरलात तर मेणातून ओढून घ्या, लव बसते. रंगाबद्दल माझं मत एवढंच की जितका कमी तितका बरा.

आता गुराब. साताऱ्याला समुद्र नसला तरी कान्होजींची सरखेली, म्हणजे आरमाराचं प्रमुखपद, १७१४ च्या सुमारास बाळाजी विश्वनाथाच्या मध्यस्थीने मान्य झाली ती साताऱ्याच्या शाहू महाराजांकडूनच, तेव्हा तुमची ओढ मला समजते. पण गुराबेचा गोदीतला नकाशा हाती नसतो. १८ व्या शतकातल्या रॉबर्ट ऑर्म या इंग्रज इतिहासकाराने वर्णन केलंय: दोन डोलकाठ्यांची दीडशे टनांपर्यंत, तीन डोलकाठ्यांची तीनशेच्या आसपास, लांबीच्या मानाने रुंद, पाण्यात कमी बुडणारी, मध्यापासून टोकाकडे निमुळती होत गेलेली आणि पुढे भूमध्य समुद्रातल्या गॅलीसारखी बाहेर आलेली चोच. याला जुन्या चित्रांची जोड देऊन आराखडा तुम्हालाच काढावा लागेल, आणि त्यात कुठे अंदाज केलाय हे लिहून ठेवावं लागेल. म्हणून आधी फत्तेमारी हे देशी शिडाचं जहाज करा. एदमों पारी नावाच्या फ्रेंच नौदल अधिकाऱ्याने १९ व्या शतकाच्या पूर्वार्धात आपल्या किनाऱ्यावरच्या या जहाजांची मापं घेऊन रेखाटनं केली आहेत. मोजमाप असलेलं एक देशी जहाज किटशिवाय पूर्ण केलंत की गुराबेचे छेद काढताना कोणती रेषा खरी वाटते आणि कोणती नाही, हे नजरेला कळू लागेल.

राहिली काचेची पेटी. ती हवीच, आपल्याकडची धूळ दोऱ्यांवर बसली की निघत नाही. फक्त ती हवाबंद करू नका, तळाला दोन-चार बारीक भोकं ठेवा. लाकूड, प्लायवूड आणि काही गोंद यांतून आम्लाची वाफ हळूहळू सुटत राहते. ती आत कोंडली तर जुन्या किटांमधल्या शिशाच्या तोफा आणि नांगर पांढरी पूड होऊन झडतात. शिशाऐवजी पितळेचे भाग मिळत असतील तर तेच घ्या.