ऑनलाइन परीक्षेत येत असलेलेही आठवत नाही; माझी कुवतच कमी आहे का?

तुमचा अनुभव असा की वर्गातील लेखी चाचणीत गुण चांगले मिळतात, मात्र पडद्यावर बहुपर्यायी प्रश्न आणि कमी होत जाणारा वेळ दिसू लागला की उत्तरे सुचत नाहीत. कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयात शिकवणारा शिक्षक म्हणून मी निःशंकपणे सांगतो की, हा कुवतीचा प्रश्न नाही.

लीबर्ट आणि मॉरिस या मानसशास्त्रज्ञांनी १९६७ मध्ये परीक्षेच्या भीतीचे दोन भाग वेगळे केले: छातीची धडधड आणि घाम हा एक, तर ‘आता माझे कसे होणार’ ही काळजी हा दुसरा. गुणांना अधिक बाधक ठरते ती काळजी, कारण प्रश्न सोडवताना माहिती मनात धरून ठेवण्याची आपली क्षमता मुळात मर्यादित असते आणि तिचाच वाटा ही काळजी खाते.

काळजीतही भेद करावा लागतो. गगनबावडा किंवा राधानगरीकडच्या गावातून परीक्षा देणाऱ्याला नेटवर्क जाण्याची भीती वाटते, ती खरीच आहे. तिच्यावर दुसऱ्या कंपनीचे सिम, पूर्ण चार्ज केलेला मोबाईल आणि मदत कक्षाचा लिहून ठेवलेला क्रमांक हाच उपाय. ‘पहिले दोन प्रश्न चुकले, म्हणजे पेपर गेला’ हा विचार मात्र वेगळ्या जातीचा. मानसोपचारतज्ज्ञ ॲरन बेक यांनी अशा ‘सगळे किंवा काहीच नाही’ धाटणीच्या विचारांना विचारातील विकृती म्हटले. त्याच्या जागी गोड आश्वासन नको, पडताळता येईल असे वाक्य हवे: ‘दोन प्रश्न अवघड गेले, उरलेले अजून वाचायचे आहेत.’

घरची माणसे मायेने ‘तुला जमेल’ म्हणतात, त्याने धीर येतो, पण तो फार टिकत नाही. मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये स्व-क्षमतेवरील विश्वासाचे चार स्रोत मांडले. त्यांत स्वतः काम पार पाडल्याचा अनुभव सर्वांत प्रभावी आणि इतरांचे प्रोत्साहन त्याहून दुबळे. म्हणून नुसती टिपणे पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा ज्या मोबाईलवर परीक्षा द्यायची त्याच मोबाईलवर, दिवसाच्या त्याच वेळी, घड्याळ लावून सराव चाचण्या द्या. सुरुवात सोप्या घटकापासून करा, म्हणजे यशाचा अनुभव लवकर पदरी पडेल. अवघड घटक त्यानंतर घ्या.

एवढे करूनही झोप किंवा जेवण सुटत असेल, तर परीक्षा संपण्याची वाट पाहू नका. मानसिक आरोग्यासाठी फोनवरून मदत करणाऱ्या शासनाच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आणि चोवीस तास सुरू असतो, तिथे मराठीतूनही बोलता येते.