बारा-तेरा वर्षं पडवीत उभी असलेली प्रीमियर पद्मिनी पुन्हा रस्त्यावर कशी आणावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: १९९३ ची पेट्रोल पद्मिनी, कोल्हापूर पासिंग, कागद वडिलांच्या नावावर आणि वडील आता नाहीत. गाडी बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यातल्या घरी २०१३ पासून पडवीत उभी आहे. गावातले मेस्त्री म्हणतात, नवी बॅटरी टाकू, चार पोरं बोलावून ढकलू, होतीय चालू. ऐकावं का?

ऐकू नका. पद्मिनीचं इंजिन दणकट आहे, ढकलल्यावर खरंच चालू होईल, आणि पंचाईत तिथूनच सुरू होईल. इतकी वर्षं उभ्या गाडीत सिलिंडरच्या भिंती कोरड्या ठणठणीत असतात. इंजिन कुठंही थांबलं तरी एखाददुसरा व्हॉल्व्ह उघडाच राहतो. खानापूरच्या पावसाळ्यातली ओल त्या वाटेनं सिलिंडरमध्ये शिरते आणि पिस्टनच्या रिंगा बोअरला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीला, गंजानं चिकटतात. अशात झटका दिला की रिंग तुटते किंवा बोअरला ओरखडा पडतो, आणि दोन चमचे तेलात भागणारं काम बोअर-पिस्टनवर जातं. शिवाय गाडी चालू झाली तरी तिला थांबवणार कशानं? ब्रेक तर मेलेले आहेत.

आधी गाडीखाली झोपा

पद्मिनीला वेगळी चासी नाही, बॉडी हाच सांगाडा. म्हणून पत्र्याचा गंज हा इथं दिसण्यापुरता प्रश्न राहत नाही. दरवाज्यांखालचे बॉक्स, जॅक लावायची जागा, मागचे पाटे जिथं बॉडीला धरलेले असतात ते कोपरे आणि पुढचं सस्पेन्शन बसतं तो भाग बघा. आपल्याकडची तांबडी माती या पोकळ्यांत जाऊन बसते आणि ओल धरून ठेवते. जाड स्क्रूड्रायव्हर घेऊन जोरात टोचा. ठणठण वाजलं तर ठीक. भस्सकन आत गेला तर तिथं पत्रा नाही, नुसता रंग आणि अंडरकोट आहे. तळाला चार भोकं असतील तर फिकीर करू नका, पॅच मारता येतात. पण पाट्यांचे हँगर आणि पुढचं सस्पेन्शन धरणारा पत्रा दोन्ही गेले असतील, तर इंजिनवर एक रुपयाही घालण्याआधी एखाद्या चांगल्या वेल्डरला दाखवा. तसल्या गाडीत पैसे ओतण्यापेक्षा दुसरी धड बॉडीची पद्मिनी शोधून हिचे पार्ट तिला लावणं मला शहाणपणाचं वाटतं.

उंदरांचा हिशेबही याच वेळी करा. एअर फिल्टरचा डबा उघडा, सीटखाली आणि डॅशबोर्डमागं टॉर्च मारून बघा, सायलेन्सरचं तोंड तपासा. घरटं तसंच ठेवून इंजिन गरम केलं तर ते पेटतं. वायरचं आवरण कुरतडलेलं दिसलं तर बॅटरी जोडूच नका. पद्मिनीत फ्यूज मोजकेच असतात, फ्यूज नसलेल्या वायरीचा शॉर्ट झाला तर अख्खी वायरिंगची लूम जळते.

इंजिन हातानं मोकळं करा

चारही प्लग काढा. प्रत्येक भोकात दोन-तीन चमचे पातळ तेल सोडा. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं एटीएफ तेल आणि केरोसीन निम्मं-निम्मं असेल तर उत्तम. दोन दिवस तसंच राहू द्या, रोज थोडं थोडं घाला. मग पुलीच्या नटाला लांब दांड्याचा पाना लावून, पुढून बघताना घड्याळाच्या दिशेनं, हळू फिरवा. दुसरा मार्ग म्हणजे गाडी चौथ्या गिअरला टाकून माणसांनी मागं-पुढं डोलवायची. धक्का मारायचा नाही, डोलवायची. दाद दिली नाही तर अजून तेल, अजून दोन दिवस. पान्याला पाइप लावून जोर करायचा मोह आवरा. आठवड्यानंतरही हलत नसेल तर हेड उतरवायला लागणार.

इंजिन पूर्ण दोन फेरे फिरलं की जुनं ऑइल काढा. ड्रेन बोल्टमधून आधी पाणी आलं किंवा ऑइल दुधाळ असलं तर हेडच्या पॅकिंगवर संशय धरा. नवा फिल्टर आणि २०डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-५० साधं मिनरल ऑइल डिपस्टिकच्या खुणेपर्यंत. महागडं सिंथेटिक या इंजिनला नको, जुन्या सीलमधून ते पाझरतं.

ब्रेक: इथं काटकसर नाही

जुनं ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि ते पाणी ब्रेकच्या सिलिंडरला आतून खातं. बाहेरून व्हील सिलिंडर धड दिसतो. रबराची टोपी मागं सारली की तपकिरी चिखल निघतो. या गाडीला चारी चाकांना ड्रम आहेत आणि बहुतेक पद्मिनींना एकच सर्किट. म्हणजे एका चाकाच्या सिलिंडरमधला रबरी कप फाटला की चारी ब्रेक एकदम जातात आणि पाय फरशीला टेकतो.

म्हणून चारी चाकं उतरवा, मास्टर सिलिंडरही उतरवा. आतून बोट फिरवल्यावर खड्डे लागत असतील तर नवी किट घालून उपयोग नाही, नवा कप महिन्याभरात त्या खड्ड्यांवर घासून फाटेल. अशा सिलिंडरला स्टीलचा स्लीव्ह बसवून घेता येतो. बेळगावात उद्यमबागेत किंवा मच्छ्याला हायड्रॉलिकची कामं करणारे टर्नर आहेत, त्यांच्यासाठी हे काम किरकोळ आहे. ड्रमही तिथंच लेथवर साफ करून घ्या. रबरी होज डोळे झाकून बदला. ते आतून फुगतात: पाय दाबला की ऑइल पुढं जातं, सोडला की परत येत नाही आणि चाक धरून राहतं. मेस्त्री मग शूज घासत बसतो आणि दोष मात्र होजमध्ये असतो. लोखंडी पाइप गंजलेला असेल तर त्याला तांब्याचा तुकडा जोडून डागडुजी करू नका, पूर्ण पाइप नवा करा.

जुन्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, तेव्हा ड्रममधली धूळ हवेच्या पाइपनं उडवू नका. ओल्या फडक्यानं पुसा. सगळं बसल्यावर नवं डॉट-३ घालून हवा काढा, मास्टरपासून लांबच्या चाकापासून सुरुवात करून: मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. पॅडल स्पंजासारखं लागत असेल तर हवा राहिली आहे. पॅडल दाबून धरल्यावर सावकाश खाली जात असेल तर मास्टरचा कप गळतोय.

पेट्रोल

टाकीतलं जुनं पेट्रोल रंगाच्या दुकानासारखं वासाडतं. ते काढा आणि टाकीही उतरवा. आतून गंज असेल तर लिंबाचं सत्व लिटरला ५० ते १०० ग्रॅम या प्रमाणात गरम पाण्यात विरघळवून टाकी काठोकाठ भरा आणि एक दिवस ठेवा. मग खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्यानं धुवा, लगेच वाळवा आणि आतून तेल फिरवा. एक रात्र जरी ओली राहिली तरी पुन्हा तांबूस होते. टाकीला भोक असेल तर ती तशीच वेल्डिंगला कधीही देऊ नका. रिकाम्या टाकीतली वाफ भरल्या टाकीपेक्षा घातक असते, आणि हे काम रोज करणारेसुद्धा त्यात भाजतात.

तुमची गाडी उभी राहिली तेव्हाचं पेट्रोल आणि आजचं पेट्रोल यात फरक आहे. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं मिळतं. जुन्या रबराला ते मऊ करतं, आणि टाकीत-पाइपात वर्षानुवर्षं चिकटलेला राळेसारखा थर सोडवून कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे पेट्रोलच्या बारीक भोकात, आणून बसवतं. म्हणून गाडीतल्या पेट्रोल पंपाचा डायफ्राम, सगळे पेट्रोल होज आणि कार्ब्युरेटरची पॅकिंग किट नवीनच घाला. होज घेताना इथेनॉलला चालणाराच मागा. टाकी आणि पंप यांच्यामध्ये पारदर्शक फिल्टर बसवा, पहिल्या दोनशे किलोमीटरमध्ये तो दोनदा तरी बदलायला लागेल. पंपाच्या डायफ्रामकडं दुर्लक्ष झालं तर पेट्रोल खाली इंजिन ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकची पातळी आपोआप वाढली आणि पेट्रोलचा वास आला तर इंजिन तिथंच बंद करा.

कार्ब्युरेटर उघडाल तेव्हा जेट तारेनं टोचू नका. भोक मोठं झालं की गाडी जन्मभर जास्त पेट्रोल पिते. क्लीनर मारा आणि हवेनं फुंका.

ठिणगी आणि पहिला स्टार्ट

डेल्कोची, म्हणजे डिस्ट्रिब्युटरची, टोपी काढा. पॉइंटवर पांढरट थर आलेला असतो, तेवढ्यानंच ठिणगी मरते. ४०० नंबरच्या पॉलिश पेपरनं हलकं घासा, मग कोरा जाड कागद त्यातून ओढा. गॅप ०.४ मिमीच्या आसपास, प्लगचा ०.६ मिमी. पॉइंट सारखे जळत असतील किंवा ठिणगी पिवळी, मरतुकडी पडत असेल तर कंडेन्सर बदला. फायरिंग ऑर्डर १-३-४-२. वायरी काढण्याआधी मोबाइलवर फोटो घेऊन ठेवा.

रेडिएटर धुऊन घ्या. थर्मोस्टॅट उकळत्या पाण्यात टाकून उघडतो का बघा, आणि नुसतं नळाचं पाणी भरू नका. हेड अ‍ॅल्युमिनियमचं आहे, साध्या पाण्यानं पाण्याच्या वाटा झिजतात. तीस-चाळीस टक्के कूलंट पुरतं.

आता प्लग न लावता सेल्फ मारा, ऑइलचा दिवा विझेपर्यंत. एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त नको, मध्ये सेल्फ थंड होऊ द्या. दिवा विझला की मगच प्लग लावायचे. पहिल्या स्टार्टला शेजारी अग्निशामक सिलिंडर हवा. पेट्रोलच्या आगीवर पाणी चालत नाही. सुरुवातीला निळा धूर येणारच, तुम्हीच घातलेलं तेल जळतं. अर्ध्या तासानंतरही तसाच येत असेल तर रिंगा. पांढरा धूर थांबत नसेल आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे येत असतील तर हेडचं पॅकिंग. कॉम्प्रेशन मोजाल तेव्हा आकड्यापेक्षा चार सिलिंडरमधला फरक बघा. एकच सिलिंडर मागं असेल तर बहुधा तिथला व्हॉल्व्ह गंजून नीट बसत नाहीये, पूर्ण ओव्हरहॉल करायची घाई नको.

गिअर पडतच नसेल तर क्लच प्लेट फ्लायव्हीलला चिकटलीय. इंजिन पुरतं गरम करून बंद करा. मोकळ्या आवारात, समोर कुणी नसताना, पहिल्या गिअरमध्ये क्लच दाबून सेल्फ मारा आणि गाडी हलली की ब्रेक. बहुतेकदा सुटते.

टायर बदलाच, नक्षी कितीही चांगली दिसो. बाजूवर चार आकडी तारीख असते. २३०८ म्हणजे २००८ चा तेविसावा आठवडा. मूळ माप ५.२०-१४, मिळालं नाही तर १५५/८० आर १४ चा बाहेरचा व्यास जवळपास तोच येतो. ट्यूबसकट बसवा.

कागद

हे काम गाडीच्या कामाबरोबरच सुरू करा, वेळ यालाच लागतो. आधी परिवहनच्या साइटवर नंबर टाकून बघा. जुन्या नोंदी बऱ्याचदा ऑनलाइन चढवलेल्याच नसतात, तेव्हा कोल्हापूर आरटीओत बॅकलॉग नोंद करून घ्यावी लागते. मालकाच्या मृत्यूनंतर नाव बदलायला फॉर्म ३१, महाराष्ट्रातून बाहेर न्यायला एनओसीचा फॉर्म २८, बेळगावात नवा केए-२२ नंबर घ्यायला फॉर्म २७, नोंदणी नूतनीकरणाला फॉर्म २५. कर्नाटकचा आजीवन कर गाडीच्या वयानुसार भरायला लागतो. वीस वर्षांवरच्या खासगी कारची नूतनीकरण फी ऑगस्ट २०२५ पासून १०,००० रुपये आहे, आणि उशिराचा दंड नियमानुसार महिन्याला ५०० रुपये. दंडाची एकूण रक्कम खिडकीवर लेखी घ्या, एजंटच्या तोंडी आकड्यावर जाऊ नका.

पंधरा वर्षांवरची पेट्रोल गाडी चालवता येत नाही हा नियम दिल्ली परिसरातला आहे, आपल्याकडचा नाही. आणि कुणी व्हिंटेज नोंदणी सुचवली तर नको म्हणा. ती पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेल्या गाड्यांसाठी आहे, आणि त्या नंबरवर रोज गाडी फिरवायची परवानगीही नसते.

एक सूचना रंगाऱ्याला आधीच द्या: चासी नंबर ठोकलेल्या जागी ग्राइंडर किंवा पुट्टी लावायची नाही. पेन्सिलीनं नंबरचा छाप उठला नाही तर तपासणीत फाइल अडकते. विमा आणि नोंदणी होईपर्यंत गाडी आरटीओपर्यंतसुद्धा स्वतः चालवत नेऊ नका, टेम्पोवर चढवून न्या.

पार्ट आणि पहिली चक्कर

गाडी मुंबईत कुर्ल्याला बनत होती आणि टॅक्सी म्हणून ऑक्टोबर २०२३ पर्यंत चालली, त्यामुळं इंजिन-ब्रेकचे पार्ट अजून मिळतात. अडतात ते काचेभोवतीचे रबर, क्रोम पट्ट्या, दिव्यांच्या काचा. काढलेलं काहीही, अगदी तुटकं असलं तरी, भंगारात टाकू नका. टर्नरला नमुना लागतो.

कागद झाल्यावर पहिल्या चकरा बेळगावच्या सपाट सांबरा रोडवर मारा. दहा किलोमीटरला थांबून प्रत्येक ड्रमला हात लावा. एकच तापला असेल तर तो ब्रेक धरतोय. पन्नास-साठ किलोमीटर निर्धोक गेल्याशिवाय वंटमुरीच्या चढाला किंवा चोर्ला घाटात जाऊ नका. इथेनॉलचं पेट्रोल लवकर वाफ होतं. उन्हाळ्यात चढावर गाडी आचके देऊन बंद पडली आणि गार झाल्यावर आपोआप चालू झाली तर पंपात वाफ अडकलीय. पंपावर ओलं फडकं टाका, दहा मिनिटं थांबा. डिकीत पॉइंट, कंडेन्सर, फॅन बेल्ट आणि पंपाचा एक जादा डायफ्राम असू द्या, वाटेत बंद पडायची बहुतेक कारणं एवढ्यातच येतात.