नवे टायर, जुने जॉइंट आणि डिलिव्हरी नोटवरची सही

सेकंडहँड गाडी घेतल्यावर पस्तावलेल्यांची पत्रं मला नेहमी येतात आणि जवळपास प्रत्येकाचा शेवट ‘पैसे परत मिळतील का?’ असा असतो. या वेळचं पत्र त्यातलंच, म्हणून एकाच पत्राला उत्तर देते. बाकीच्यांनी त्यातलं आपलं ओळखून घ्यावं.

हकिगत अशी. सात महिन्यांपूर्वी डीलरकडून जुनी गाडी घेतली. महिन्याभरात खड्ड्यात पुढून खटखट ऐकू यायला लागली, मग सरळ रस्त्यावर स्टिअरिंग भटकायला लागलं. घेताना पुढचे दोन्ही टायर नवे होते, आज ते आतल्या कडेने घासून गेलेत. गेल्या महिन्यात गॅरेजवाल्याने डावीकडचा लोअर आर्म (चाक खालून धरणारा दांडा) आणि टाय रॉड एंड (स्टिअरिंगचा दांडा चाकाला जोडणारा सांधा) बदलला. उजवीकडचंही गेलंय, असं तो म्हणतो. डीलर हात वर करतो. डिलिव्हरी नोटवर तुमची सही आहे: ‘गाडी स्वतः चालवून, मेकॅनिककडून तपासून, समाधान झाल्यावर आहे त्या स्थितीत ताब्यात घेतली.’ वर तो हेही ऐकवतो की कायद्याने स्टिअरिंगला ३० अंश प्ले, म्हणजे चाक न वळता स्टिअरिंगचं मोकळं फिरणं, चालतो.

तुम्ही ग्राहक आहात का, तक्रार कुठल्या ग्राहक आयोगात, मुदत किती, हे सगळं थोडक्यात उरकते. गाडी घरच्या वापराला घेतली असेल आणि विकणारा धंदा म्हणून गाड्या विकत असेल, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ लागू व्हायला अडचण दिसत नाही. तक्रार तुम्ही राहता तिथल्या जिल्हा आयोगात करता येते. मुदत दोन वर्षांची आहे. तुमचा निकाल यातल्या कशावरही लागणार नाही.

तो लागणार आहे डिलिव्हरी नोटमधल्या ‘तपासून’ या भागावर. वस्तुविक्री अधिनियम, १९३० च्या कलम १६(२) प्रमाणे, त्या मालाचाच व्यापार करणाऱ्याकडून वर्णनावरून माल घेतला तर तो विक्रीयोग्य दर्जाचा असेल ही अट करारात न लिहिताही धरली जाते. पण त्याच पोटकलमाला परंतुक आहे: खरेदीदाराने माल तपासला असेल, तर त्या तपासणीत दिसायलाच हवे होते अशा दोषांपुरती ही अट उरत नाही. ‘त्या तपासणीत’ म्हणजे तुम्ही प्रत्यक्ष केली त्या तपासणीत. आदर्श मेकॅनिक लिफ्टखाली उभा राहून करतो ती इथे मोजायची नाही.

आता तुम्ही काय तपासलंत? तुमच्याच पत्रानुसार मेव्हण्याला शेजारी बसवून दहा मिनिटं गुळगुळीत रस्त्यावर चक्कर मारलीत. मेकॅनिक नव्हताच. असं असताना ‘मेकॅनिककडून तपासून’ याखाली सही का केलीत, हा प्रश्न मी विचारणारच, आणि डीलरचा वकीलही विचारेल. छापील मजकूर न वाचता सही करायची आणि मग तो खोटा आहे म्हणायचं, हे आयोगासमोर अवघड जातं. अशक्य नाही. मेव्हण्याचं प्रतिज्ञापत्र द्या, आणि मेकॅनिक कोण होता, त्याचं नाव काय, हे डीलरलाच विचारा.

तुमची बाजू टिकते ती पुढच्या फरकावर. काही दोष चालवताना कळतात: स्टिअरिंग एका बाजूला ओढणं, उंचसखल रस्त्यावर सस्पेन्शनच्या लिंक रॉडचा आवाज, एका उसळीत न थांबणारी गाडी. ते चकरेत जाणवण्याजोगे होते असं ठरलं, तर ते सोडून द्या. पण बॉल जॉइंटची, म्हणजे आर्म चाकाला जोडणाऱ्या गोळीसारख्या फिरत्या सांध्याची, झीज चाक जमिनीवर असताना, गुळगुळीत रस्त्यावर, पॉवर स्टिअरिंगच्या मदतीने चालवताना लपू शकते. ती पाहायची तर चाक जॅकवर उचलावं लागतं. चाक वर-खाली धरून हलवलं आणि ढिलं लागलं, तर संशय बॉल जॉइंटवर किंवा व्हील बेअरिंगवर. दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा: ढिलेपणा गेला तर बहुतेक बेअरिंग, राहिला तर बॉल जॉइंट. डावी-उजवी बाजू धरून हलवल्यावर ढिलं लागलं, तर टाय रॉड एंड किंवा स्टिअरिंग रॅक. शोरूमच्या दारात उभ्या माणसाने हे करायला हवं होतं, असं कोणी म्हणेल असं मला वाटत नाही.

आणि टायर. ज्या नव्या टायरांवर तुम्ही खूश झालात, ते तुमच्या हातातलं सगळ्यात चांगलं पान आहे. पुढचे जॉइंट आणि आर्मच्या सांध्यातले रबरी बुश गेले की चाकांचा कोन बिघडतो आणि टायर एका कडेने झिजतो. जुने टायर असते, तर स्टिअरिंग पूर्ण वळवून आतली कड पाहताच शंका आली असती. ती खूणच विक्रीपूर्वी निघून गेली होती. टायरच्या बाजूवर निर्मितीचा चार अंकी आकडा असतो, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. चारही टायरांचे फोटो काढा. डीलरने मुद्दाम लपवलं, एवढं मात्र यावरून सिद्ध होत नाही. विकण्याआधी टायर घालणं हा धंद्याचा भाग आहे. फक्त ‘दिसायला हवं होतं’ हा त्याचा बचाव ढिला पडतो.

३० अंशांचं उत्तर सोपं आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम ९८ स्टिअरिंगचा प्ले ३० अंशांपेक्षा जास्त नसावा म्हणतो, खरं आहे. पण ती रस्त्यावर गाडी आणण्याची किमान पायरी झाली. शिवाय डीलरने नियम अर्धाच वाचलाय. स्टिअरिंगच्या जोडणीतल्या बॉल जॉइंटना रबरी टोप्या हव्यात, असंही तोच नियम सांगतो. उजव्या टाय रॉड एंडचं, म्हणजे अशाच एका जॉइंटचं, रबर फाटलेलं असेल, तर वाद कोणाच्या मताचा राहणार नाही.

‘आहे त्या स्थितीत’ या शब्दांबद्दल मी छातीठोक काही सांगणार नाही. गृहीत अट स्पष्ट कराराने वगळता येते, वस्तुविक्री अधिनियमाचं कलम ६२ तसं म्हणतं. दुसरीकडे, जाहिरातीत डीलरने सस्पेन्शन उत्तम असल्याचं लिहिलं होतं, असं तुम्ही पत्राच्या शेवटी जाता जाता सांगता. ही गोष्ट पहिल्या ओळीत हवी होती! ती जाहिरात असेल, तर तिच्यासमोर ‘आहे त्या स्थितीत’ची ढाल सहज धरता येणार नाही. स्क्रीनशॉट आजच शोधा. अटच अन्यायकारक आहे असा स्वतंत्र दावा जिल्हा आयोगात चालत नाही, तो राज्य आयोगाकडे जातो, म्हणून तक्रार सदोष माल आणि दिशाभूल या पायावर मांडा.

पैसे परत हे मात्र डोक्यातून काढा. सात महिने गाडी वापरून, नाकारल्याचं न कळवता ठेवलीत, म्हणजे ती स्वीकारलीत. आता मागायची ती नुकसानभरपाई: दुरुस्ती, टायर, अलाइनमेंट आणि त्रासाबद्दल काही.

आणि पुरावा? डावीकडचे जुने पार्ट गॅरेजच्या भंगारात टाकू दिलेत. हे वाचून मला खरंच राग आला. विक्रीच्या दिवशी झीज होती की तुमच्या सात महिन्यांत झाली, हे त्या जॉइंटच्या आतल्या गंजावरून आणि वाळून गेलेल्या ग्रीसवरून एखाद्या जाणकाराला सांगता आलं असतं. आता उजवी बाजूच उरली आहे.

ती बदलायच्या आधी डीलरला लेखी कळवा, ठरावीक दिवशी संयुक्त तपासणीला या म्हणून. ईमेल आणि स्पीड पोस्ट, दोन्ही करा. तो येणार नाही, तरी पत्र लागतं. तपासणी दुसऱ्या, त्रयस्थ वर्कशॉपमध्ये करा आणि गाडी टो करून न्या. लेटरहेडवर अहवाल घ्या: तारीख, ओडोमीटर, कुठल्या जॉइंटला किती प्ले, रबराची अवस्था. ब्रेक दाबून आणि सोडून, दोन्ही व्हिडिओ काढा. मग पार्ट बदला, पण जुने न धुता, लेबल लावून, सहीसह बंद करून ठेवा. डाव्या बाजूचं जॉब कार्डही गॅरेजकडून मागून घ्या. प्रयोगशाळेच्या तपासणीशिवाय दोष ठरत नसेल, तर आयोग ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३८ खाली नमुना पाठवू शकतो, पण नमुना शाबूत असेल तरच. अशा प्रकरणाला कायदा पाच महिने देतो. प्रत्यक्षात तारखा कशा पडतात ते तुम्हाला पहिल्याच तारखेला कळेल, तेव्हा ती पिशवी काही वर्षं सांभाळायची तयारी ठेवा.

तोवर गाडी चालवू नका. दोष माहीत असताना धोकादायक गाडी रस्त्यावर आणणं मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० खाली गुन्हा आहे, आणि दोष माहीत असल्याचं तुम्ही मला सहीनिशी लिहून दिलं आहे. जॉइंट सुटून अपघात झाला, तर विमा कंपनीही गाडी नीट ठेवण्याची पॉलिसीतली अट काढून दाखवेल.